वेग डब्यावरचा आणि वेग खरा

संगणक मंद चालू लागला की नवा घेण्याची घाई होते. त्याआधी त्याचा प्रोसेसर प्रत्यक्षात किती वेगाने चालतो आहे, हे घरबसल्या पाहता येते. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

मे-जूनमध्ये लखनौचा पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी लू वाहू लागते, रस्ते ओस पडतात आणि लोक खिडक्या लावून घरात बसतात. याच दिवसांत मुलांचे प्रवेश अर्ज भरायचे असतात, निकाल पाहायचे असतात. नेमका तेव्हाच घरातला लॅपटॉप रुसतो. अर्जाचे एक पान उघडायला पाच मिनिटे लागतात, पंखा घरघरतो आणि बोट लावले तर चटका बसतो. कोणीतरी जाणकार सांगतो, "प्रोसेसर जुना झाला, आता बदला." मग मंडळी लालबागेतल्या नाझा मार्केटची वाट धरतात. संगणकांसाठी लखनौकरांचे पाय आधी तिकडेच वळतात. नव्या लॅपटॉपला तीस-चाळीस हजार रुपये सहज लागतात, आणि मध्यमवर्गीय घरात ही रक्कम लहान नाही. म्हणूनच दुकानाची पायरी चढण्याआधी दहा-पंधरा मिनिटे खर्च करून खरे दुखणे कुठे आहे ते पाहावे.

आकडा काय सांगतो?

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो ठोक्यांच्या तालावर काम करतो. सेकंदाला एक ठोका म्हणजे एक हर्ट्झ, आणि एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या घरगुती संगणकाचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. १९९३ चा पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झवर चालत असे. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल या दोन्ही कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला.

ठोके वाढले की उष्णताही वाढते. त्यामुळे ही शर्यत चार गिगाहर्ट्झच्या अलीकडे अडखळली आणि २००५ पासून एकाच प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ कोअर बसवण्याकडे कंपन्या वळल्या. एका सुगरणीला हात भरभर चालवायला लावण्याऐवजी स्वयंपाकघरात चौघींना कामाला लावावे, तसा हा प्रकार.

त्यामुळे आता एका प्रोसेसरला एकच वेग नसतो. एक असतो मूळ वेग, म्हणजे बेस स्पीड. दुसरा असतो कमाल वेग, त्याला टर्बो किंवा बूस्ट म्हणतात. कामाचा ताण आला आणि प्रोसेसर थंड असला तर तो थोडा वेळ कमाल वेगाने धावतो. काम नसेल तर वीज वाचवण्यासाठी मूळ वेगाच्याही खाली येतो. इंटेलच्या सेलेरॉन एन४०२० या स्वस्त प्रोसेसरचा मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ आहे, तर कमाल वेग २.८ गिगाहर्ट्झ. जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा ठळक छापतात.

घरी कसे पाहाल?

विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीशी चौकट दिसली तर तळाशी 'मोअर डिटेल्स' वर टिचकी मारा. मग 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'सीपीयू' निवडा. आलेखाच्या खाली 'स्पीड' पुढे जो आकडा सारखा बदलतो, तो या क्षणाचा वेग. बाजूला 'बेस स्पीड' पुढे मूळ वेग असतो. 'युटिलायझेशन' म्हणजे प्रोसेसर किती टक्के कामात गुंतला आहे. वर उजवीकडे प्रोसेसरचे पूर्ण नाव असते.

काहीजण 'अबाउट' मधला आकडा पाहून समाधान मानतात. पण तो आकडा घराबाहेरच्या पाटीसारखा असतो. आत काय चालले आहे, ते त्यावरून कळत नाही.

संगणक रिकामा असताना वेग कमी दिसला तर घाबरू नका, तो विश्रांती घेत असतो. परीक्षा कामाच्या वेळीच घ्यावी. लॅपटॉप चार्जरला जोडा, विंडोजमधली व्हायरसची पूर्ण तपासणी सुरू करा, शिवाय दोन-तीन व्हिडिओ चालू ठेवा. पंधरा मिनिटे आकड्यांवर नजर असू द्या.

तीन निकाल, तीन उपाय

पहिला निकाल : ताण असूनही वेग मूळ वेगाच्या वर टिकून आहे, पण संगणक मंदच आहे. याचा अर्थ प्रोसेसर निर्दोष आहे. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' आणि 'डिस्क' पाहा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवली की संगणकाचा कायापालट होतो. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवावी. दोन्ही कामे नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या थोड्याशा भागात होतात.

दुसरा निकाल : सुरुवातीला वेग चांगला, पण काही मिनिटांत मूळ वेगाच्याही खाली घसरतो आणि पंखा ओरडतो. हे उष्णतेचे लक्षण. लॅपटॉपच्या प्रोसेसरची सहनशक्ती साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत असते. त्या मर्यादेजवळ पोहोचताच तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो.

तिसरा निकाल : संगणक गार असूनही वेग एक गिगाहर्ट्झच्या आतच अडकून बसतो. अशा वेळी आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये वीज वाचवण्याचा पर्याय चालू राहिला आहे का ते पाहा. मग चार्जरकडे वळा. मूळ चार्जर हरवल्यावर बाजारातून दुसराच आणून जोडला, तर काही लॅपटॉप त्याला ओळखत नाहीत आणि मुद्दाम मंद चालतात. कमी वॅटचा चार्जरही हेच करतो. ओळखीच्या कोणाकडे योग्य चार्जर असेल तर तो लावून पाहा, म्हणजे शंका फिटेल.

उन्हाळ्याचा उतारा

लखनौच्या उन्हाळ्यात दुसरा निकाल येण्याचा संभव जास्त. हेच नागपूर, चंद्रपूर, जळगाव, अकोल्याच्या वाचकांनाही लागू आहे. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. पंचवीस अंशांची हवा जितकी उष्णता वाहून नेते, तितकी चाळीस अंशांची नेत नाही. त्यातच धूळ उडते आणि पंख्याच्या जाळीवर तिचा थर साचतो.

लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवू नये, कारण खालची भोके बुजतात. टेबलावर ठेवून मागची बाजू पुस्तकाने बोटभर उचलावी. जड काम सकाळी लवकर किंवा रात्री उरकावे. कूलर असलेल्या खोलीत बसायला हरकत नाही, पण कूलरच्या ओल्या झोताच्या अगदी समोर यंत्र ठेवू नये. वर्षातून एकदा, उन्हाळा लागण्यापूर्वी, जाणकार कारागिराकडून पंखा आणि जाळी साफ करून घ्यावी. चार-पाच वर्षांच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते, तीही बदलून घ्यावी. साफसफाईनंतर वरची परीक्षा पुन्हा घ्या. आकडा सुधारला तर नव्या लॅपटॉपचा खर्च वाचलाच म्हणा.

जुना लॅपटॉप घेताना

वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी अधिक डोळस असावे. १९९० च्या दशकात कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा आकडा छापून विकण्याचे प्रकार बऱ्याच देशांत झाले होते. पुढे इंटेलने खरा वेग ओळखणारा एक छोटा प्रोग्रॅमही ग्राहकांना मोफत दिला. आता फसगत होते ती अर्धवट माहितीने. "आय-५ आहे" एवढे ऐकून गिऱ्हाईक खूश होते, पण आय-५ हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे.

बाजारात सहज दिसणारे दोन प्रोसेसर पाहा. आय-५ ७२००यू चा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, तर आय-५ ८२५०यू चा १.६. आकडा पाहून कोणीही पहिलाच उचलेल. पण पहिल्यात दोन कोअर आहेत, दुसऱ्यात चार. एकाच वेळी अनेक कामे करताना दुसराच पुढे जातो. शिवाय विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ८२५०यू आहे, ७२००यू नाही. बँकेचे व्यवहार करणाऱ्या घरासाठी ही बाब वेगाहून मोलाची आहे.

म्हणून दुकानातच टास्क मॅनेजर उघडायला सांगा आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव क्रमांकासह टिपून घ्या. इंटेल आणि एएमडीच्या संकेतस्थळांवर त्या क्रमांकाची सारी माहिती मिळते. पंधरा मिनिटे ताण देऊन पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. पक्क्या बिलावर प्रोसेसरचा क्रमांक, रॅम आणि डिस्क यांची नोंद करून घ्या. बिलात एक आणि यंत्रात दुसरेच निघाले, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार नेता येते. अर्थात, बिल नसेल तर बाजू लंगडी पडते.

संगणक नवा असो वा जुना, घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याची परीक्षा घ्या आणि ताणाखालचा वेग तारखेसह घरखर्चाच्या वहीत लिहून ठेवा. दर मार्चमध्ये तीच परीक्षा पुन्हा घ्या. आकडा घसरू लागला की उन्हाळ्याआधीच कारागिराला बोलावता येईल, आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत धावपळ होणार नाही.