गिरडचे नारळ

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. तिथल्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू-मुसलमान दोघेही तिथे भक्तिभावाने जातात. या टेकडीवर गोलसर दगडी गोटे विखुरलेले सापडतात. त्यांची कथा अशी, की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकीरबाबांची टवाळी केली आणि बाबांनी त्यांचे नारळ, झाडून सारा माल, दगड करून टाकला!

घरातले पोर अशा वेळी हमखास विचारते, “बाबा, हे खरं का हो?” आपण एक तर “हो” म्हणून वेळ मारून नेतो, नाही तर “थापा साऱ्या!” म्हणून त्याला गप्प करतो. दोन्ही उत्तरांत गोटा मात्र हातात तसाच राहतो.

त्याची हकिकत ही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आपल्या दिवाळीच्या अनारशाला जाळी पडते ना, तशीच वायूच्या बुडबुड्यांनी त्या लाव्ह्यालाही पडली. पुढे गरम पाणी कातळात मुरले. त्यात सिलिका, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम विरघळलेले होते. पाणी निवत गेले, तसा हा ऐवज पोकळ्यांत साचून त्याचे खनिज झाले. नंतर कातळ झिजून काळी माती झाली आणि गोटे सुटे झाले.

असेच गरम पाणी भेगांतून वाहते, तेव्हा खनिजांच्या शिरा तयार होतात. २००१ साली बंद पडलेल्या कोलारच्या खाणीतले सोने गारगोटीच्या अशाच शिरांतले.

गिरडच्या गोट्यांतले खनिज म्हणजे झिओलाइट. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी हे नाव दिले. अर्थ, ‘उकळणारा दगड’. कारण तापवला की आत अडकलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. आणि गंमत पाहा, अशा भरलेल्या पोकळ्यांना शास्त्रज्ञांनी दिलेल्या नावाचा मूळ ग्रीक अर्थ आहे ‘बदाम’! म्हणजे खाऊ त्यांनाही दिसलाच.

तेव्हा मुलांना कथा जरूर सांगा. हा माल मूळ कातळाचा नव्हे, मागाहून आलेला, हे कथा रचणाऱ्याने अचूक हेरले होते. मग एवढेच सांगा, की तो आणणारा व्यापारी म्हणजे पाणी.