एक अवयव बिघडला म्हणून

लॅपटॉपांतील हार्ड डिस्क खिळखिळी झाली म्हणजे पुष्कळ पालक सारें यंत्रच टाकावयास निघतात. हें आम्हांस मान्य नाहीं. १९९१ सालीं लिनस टॉरवॉल्ड्स यांनी आरंभिलेली लिनक्स प्रणाली सुरू होतांना प्रत्येक डिस्कला हाक मारते. रोगट डिस्क उत्तर देत नाहीं. म्हणून ती पुनःपुन्हां हाक मारीत खोळंबते. दोष एका अवयवाचा, शिक्षा मात्र साऱ्या यंत्रास!

प्रणाली दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर असल्यास उपाय सोपा आहे. एफएसटॅब या यादींतून नांव खोडणें पुरत नाहीं. कारण ती यादी डिस्क वापरांत घेण्यापुरती, शोधण्यापुरती नव्हे. डिस्क साटा जातीची असेल, तर ग्रबच्या आरंभओळींत ‘लिबएटा.फोर्स’ हा शब्द, तिच्या जोडणीचा क्रमांक व ‘डिसेबल’ असें लिहावें; मग प्रणाली तिची वाट पाहत बसत नाहीं.

मात्र विद्यार्थिमित्रहो, दुर्लक्ष म्हणजे उपचार नव्हे. आधीं तिच्यावरील टिपणें व छायाचित्रें, निघतील तितकीं, दुसरीकडे उतरून घ्यावींत; मगच तिला वगळावें. दोष झांकण्यासाठीं डोळे मिटणें हा आळस. दोष ओळखून, तो बाजूस ठेवून काम चालविणें हा विवेक होय.