कुरवांच्या पायांकडे बघा, थवे निघायच्या आत

रापण ओढणाऱ्या बांधवांनो, मांडवा-घारापुरीच्या लाँचने ये-जा करणाऱ्यांनो, सकाळी पुळणीवर फिरणाऱ्यांनो,

आपल्या किनाऱ्यावरचे कुरव, म्हणजे सीगल, परतीच्या तयारीत आहेत. मार्च-एप्रिलमध्ये थवे उत्तरेकडे निघतील. हाती मोजके आठवडे आहेत, म्हणून कळकळीने सांगते: पंखांचे फोटो पुष्कळ झाले, आता पाय बघा.

काहींच्या पायात धातूची किंवा रंगीत प्लास्टिकची रिंग असते. अनेकदा ती पिल्लू उडायला लागण्याआधी, विणीच्या वसाहतीतच घातलेली असते. त्यामुळे त्याचं जन्मगाव आणि वय पक्कं ठाऊक असतं. पुढे ते कुठे गेलं, हे मात्र कुणी नंबर वाचून कळवला तरच समजतं. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांसाठी माझा जीव जास्त तुटतो. वाट नवखी, किनारा नवखा, आणि दगावण्याचा धोकाही याच वर्षी मोठा. काळ्या डोक्याच्या कुरवाचं पिल्लू पंखांवरच्या तपकिरी खुणांवरून आणि शेपटीच्या काळ्या पट्टीवरून ओळखता येतं.

गेल्या वर्षी आक्षीला ओहोटीच्या ओल्या वाळूत असंच एक उभं होतं. उजव्या पायात रिंग चमकली. मी चार फोटो घेतले, चारही एकाच बाजूने. शेवटचे दोन आकडे पलीकडे राहिले. मी पाऊल पुढे टाकलं आणि ते उडालं. त्या दोन आकड्यांची रुखरुख अजून जात नाही. तेव्हा जागचे हलू नका, पक्षी वळेपर्यंत फोटो घेत राहा. धातूच्या रिंगचा नंबर असाच तुकड्यातुकड्याने जुळवावा लागतो.

रिंगचा रंग, अक्षरं, पाय डावा की उजवा (पक्ष्याचा, आपला नव्हे), जागा आणि तारीख मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. १९५९ पासून तिथे पक्ष्यांना रिंग घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर चालत आलं आहे. रिंग परदेशी असली, नंबर अर्धवट असला, तरी कळवा.

जवळ बोलवायला शेव-वेफर्स टाकू नका. जाळ्यात अडकलेला पक्षी सोडवताना रिंग काढू नका. मेलेला दिसला तर उघड्या हाताने उचलू नका, बर्ड फ्लूची भीती असते. रिंगचा फोटो पुरे.

आणि घरात, जुन्या डब्यात, जाळ्यात सापडलेली एखादी रिंग वर्षानुवर्षं पडून असेल, तर तिचाही नंबर कळवा. कुठे आणि साधारण कधी मिळाली, एवढं आठवलं तरी चालेल.