नॉमिनी म्हणजे मालक नव्हे



"भाऊ, बँकेच्या कागदावर भाऊजींचं नाव आहे. मग पैसे त्यांचेच का?"

आमच्या वस्तीतल्या एका भगिनीने गेल्या वर्षी विहाराच्या पायरीवर बसून मला हा प्रश्न विचारला. नवरा कारखान्यात कामाला होता. छातीत कळ येऊन रात्रीतून गेला. मागे ती, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि म्हातारी सासू. नवऱ्याने पोटाला चिमटा काढून बँकेत २,४०,००० रुपयांची ठेव ठेवली होती. खाते उघडले तेव्हा त्याचे लग्न झाले नव्हते, म्हणून नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव घातले. पुढे लग्न झाले, मुले झाली, पण ते नाव तसेच राहिले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि आठवड्याभरात दिराने बँकेत जाऊन सगळी रक्कम उचलली. "दादानं माझं नाव दिलं म्हणजे मलाच दिलं," हे त्याचे म्हणणे.

दीर लबाड नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. आपल्यातल्या शंभरातल्या नव्वद जणांना तसेच वाटते, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मी वकील नाही. कारकुनी करणारा बी. कॉम. माणूस आहे, कागद वाचायची सवय एवढेच माझे भांडवल. पण या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. बँकेतला नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा माणूस आहे, पैशाचा मालक नाही. खातेदार मयत झाल्यावर बँकेने कुणाच्या हाती रक्कम दिली म्हणजे तिची जबाबदारी संपते, एवढ्यापुरते ते नाव असते. नॉमिनीने ती रक्कम खऱ्या वारसांसाठी सांभाळायची असते. सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या ठेवींबाबत २०१० साली आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले.

मग खरे वारस कोण?

इथे बरेच बांधव विचारतात, "आम्ही बौद्ध, आम्हाला कोणता कायदा?" उत्तर आहे, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६. नाव वाचून कपाळाला आठी पडते, हे मी जाणतो. पण याच कायद्याच्या कलम २ मध्ये तो बौद्ध, जैन व शीख यांना लागू असल्याचे लिहिले आहे. शिवाय बाईला आणि मुलीला वारसाहक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले होते. ते अडवले गेले. त्यांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. पुढे त्या बिलाचे तुकडे करून जे कायदे झाले, त्यातलाच हा एक. तो १७ जून १९५६ रोजी लागू झाला, धम्मदीक्षेच्या चार महिने आधी. कायद्याच्या नावावर रागावून आपल्या लेकीबाळींचा हक्क सोडू नये.

या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष मयत झाला, तर त्याने स्वतः कमावलेली मिळकत पहिल्या वर्गातल्या वारसांना मिळते. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. प्रत्येकाचा वाटा सारखा. मुलगी लग्न होऊन गेली असली तरी तिचा वाटा कायम. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल, तर तिच्या शाखेला तेवढाच एक वाटा. मयताचा भाऊ, बहीण, एवढेच काय, वडीलसुद्धा या पहिल्या वर्गात नाहीत. पहिल्या वर्गातला एकही वारस हयात असेल तर त्यांना काही मिळत नाही. (बाई मयत झाली तर नियम वेगळा आहे, त्याविषयी पुढे कधी.)

आमच्या भगिनीचा हिशेब करू. पत्नी, मुलगा, मुलगी, आई असे चार वारस. २,४०,००० भागिले चार, म्हणजे प्रत्येकी ६०,००० रुपये. दिराचा वाटा शून्य. पण सासूचाही वाटा सुनेइतकाच, हे आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावे. दिराने आपल्याला बुडवू नये असे म्हणायचे आणि म्हातारीला मात्र विसरायचे, हे चालणार नाही.

दिराने आणखी एक मुद्दा काढला. "वहिनी उद्या दुसरं लग्न करील, मग पैसे जातील परक्या घरात." हाही गैरसमज आहे. नवरा मयत झाला त्या क्षणी पत्नीचा वाटा तिचा झाला. पुढे तिने पुनर्विवाह केला तरी तो परत घेता येत नाही.

पैसे अडवायचे कसे?

बँकेत नुसता तक्रार अर्ज देऊन भागत नाही. नॉमिनीचे नाव असेल तर बँक इतरांच्या अर्जावर रक्कम रोखायला बांधलेली नाही. न्यायालयाचा आदेश मात्र तिला पाळावा लागतो. म्हणून वाद दिसताच वकिलामार्फत मनाईचा आदेश मागावा. पैसे उचलले गेले असतील तरी हक्क बुडत नाही. मग दावा बँकेवर न करता नॉमिनीवर करायचा, पण मुदत निघून जाईल इतका उशीर करू नये.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी घरी बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवेचे कार्यालय असते, तिथे जावे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

फंडाचे वेगळे, विम्याचे वेगळे

भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे आपल्या फंडाचा नियम निराळा आहे. लग्नाआधी भरलेले नाव लग्न होताच रद्द समजले जाते, आणि कुटुंब असताना परक्याचे नाव चालत नाही. आमच्या भगिनीच्या नवऱ्याने फंडातही भावाचेच नाव दिले होते, पण ते बाद ठरले. रक्कम पत्नी, दोन मुले आणि अवलंबून असलेली आई यांना सारखी मिळाली. फंडाबरोबर विधवेचे व मुलांचे निवृत्तिवेतन असते, आणि कामावर असताना मृत्यू झाल्यास ठेवीशी जोडलेल्या विम्याची रक्कमही असते. ही जास्तीत जास्त ७ लाख रुपयांपर्यंत जाते. पुष्कळ बायका नुसता फंड घेऊन घरी येतात. तिन्हींची चौकशी करावी.

आयुर्विम्यात जास्त जपावे. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क दिला आहे. इतर वारसांचे काय, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. तेव्हा पॉलिसीवर एकट्या आईचे किंवा एकट्या पत्नीचे नाव ठेवताना विचार करावा.

आजच करायची कामे

१) घरातली सगळी पासबुके, पॉलिसी, फंडाचा कागद काढा. प्रत्येकावर कुणाचे नाव आहे ते पाहा. लग्न झाले असेल तर नवे नाव भरा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाचा टक्काही लिहिता येतो.

२) लग्नाची नोंदणी केली नसेल तर करून घ्या. विहारात झालेल्या विवाहाचा दाखला, पत्रिका, फोटो जपून ठेवा. नवरा गेल्यावर "तू बायको कशावरून?" असे विचारणारे भेटतात.

३) मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या.

४) ज्याला वाटण्या आपल्या इच्छेप्रमाणे व्हाव्यात असे वाटते, त्याने मृत्युपत्र करावे. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. ज्याला मिळकत द्यायची त्याला साक्षीदार करू नये.

त्या दिराचे काय झाले? विहारात चार माणसांसमक्ष आम्ही त्याला कायदा वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चाळीस हजार घराच्या पत्र्याला लागले, ते कुठून आणू?" दोन लाख त्याने दुसऱ्या दिवशी आणून दिले. उरलेल्यांचे दरमहा दोन हजारांचे हप्ते लिहून घेतले. मुलांचे वाटे मुलांच्या नावे ठेवीत घातले. सासूने आपला वाटा सोडला नाही, आणि तेच योग्य केले. अजून काही हप्ते बाकी आहेत, पण दोन्ही घरांतले बोलणे तुटलेले नाही.

हे लिहायला बसण्याआधी मी माझीही पासबुके काढून पाहिली. लग्नाला एकवीस वर्षे झाली, आणि एका जुन्या खात्यावर अजून माझ्या दिवंगत आईचेच नाव होते. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते बदलून आलो. आपणही पाहावे.

जयभीम!