अभिमान कोल्हापुरीचा, खरेदी रेक्झिनची

जून २०२५मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या विख्यात आस्थापनाने पुरुषांच्या उन्हाळी वेशभूषेचे प्रदर्शन भरविले. त्यात काही प्रतिरूपकांच्या पायांत एक सपाट तळाची, अंगठ्याची आणि चामडी पट्ट्याची चप्पल होती. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या माणसाने ती अंधारात पाय घालूनही ओळखली असती. प्राडाच्या लेखी मात्र ती केवळ ‘चामड्याची सँडल’ होती. कोल्हापूरचे नाव नाही, महाराष्ट्राचे नाही, भारताचेही नाही.

मग व्हायचे तेच झाले. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने प्राडाला पत्र धाडले आणि मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ही रचना भारतातील शतकानुशतकांच्या पारंपरिक पादत्राणांवरून स्फुरलेली आहे, हे प्राडाला मान्य करावे लागले. हा संताप योग्यच होता. दुसऱ्याच्या परसातले फूल तोडून आपल्या देवघरात वाहणाऱ्याला निदान परसाच्या मालकाचे नाव तरी सांगता आले पाहिजे.

पण त्या संतापाच्या पायांत काय होते? दूरचित्रवाणीसमोर बसून ‘आमची कोल्हापुरी चोरली’ म्हणून हळहळणाऱ्या किती घरांच्या उंबऱ्याशी त्या दिवशी हाताने कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली एक तरी चप्पल होती? बहुतेक ठिकाणी जी होती, ती रबरी तळाची, रेक्झिनच्या पट्ट्याची, यंत्राच्या साच्यातून निघालेली आणि रस्त्यावरच्या ढिगातून घासाघीस करून उचललेली. तिच्यावरही ‘कोल्हापुरी’च लिहिलेले असते. नाव चोरण्याचा हा उद्योग मिलानपूर्वी कितीतरी वर्षे दादर, ठाणे आणि पुण्याच्या बाजारांत राजरोस चालू आहे. आणि त्याचे गिऱ्हाईक परदेशी नाही, आपलेच आहे.

खरी कोल्हापुरी कशी होते, हे एकदा सुभाषनगरात जाऊन पाहावे. म्हशीचे कातडे चुन्यात भिजवून, केस काढून, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवावे लागते. या कमावणीत घाई चालत नाही. कातड्याने रस पुरता पिईपर्यंत थांबावेच लागते. मग तळ कापायचा, थर एकमेकांवर बसवून कुटायचे, कान लावायचे, पट्टा आणि अंगठा बसवायचा आणि हे सारे चामड्याच्या वादीने शिवायचे. अस्सल जोडात लोखंडी खिळा नसतो. पट्ट्यावरची वेणी आणि नक्षी पुष्कळदा घरातल्या स्त्रियांच्या हातची असते. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते, हे खरे. पण मग ती घालणाऱ्याच्या पायाचाच आकार घेते. कापशी, पायताण, बक्कलनाली, पुकरी अशी तिच्या घडणींची नावे आहेत. ती नावे आज महाराष्ट्रातल्या सुशिक्षित तरुणाला ठाऊक नसतात. परदेशी बुटांच्या आवृत्त्या मात्र त्याला क्रमांकानिशी पाठ असतात.

कायदा आहे, गिऱ्हाईक नाही

या प्रकरणात कायद्याविषयी बरीच गफलत झाली. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना संयुक्तपणे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे तिकडचे चार. महाराष्ट्राच्या बाजूने संत रोहिदासांचे नाव धारण करणारे चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाच्या बाजूने बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे महामंडळ, हे त्याचे नोंदणीकृत स्वामी. म्हणूनच जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने जनहित याचिका फेटाळताना याचिकाकर्त्यांच्या अधिकारावरच बोट ठेवले. मानांकन ज्यांच्या नावे आहे, त्यांनी यावे, असा त्याचा अर्थ.

मुळात मानांकन नावाचे रक्षण करते, आकाराचे नव्हे. आणि भारतात नोंदलेले मानांकन इटलीत आपोआप लागू होत नाही. प्राडाने ‘कोल्हापुरी’ हा शब्द वापरलाच नव्हता. ज्या चोरीसाठी महाराष्ट्र पेटून उठला, तिच्यावर हा कायदा फारसा चालण्याजोगा नव्हता. तो चालतो तो इथल्या बाजारात. रेक्झिनच्या चपलेवर ‘कोल्हापुरी’चा खोटा ठसा मारून ती विकणाऱ्याला १९९९च्या मानांकन कायद्यान्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. मिलानपर्यंत न पोहोचणारा हात दादरपर्यंत सहज पोहोचतो. तेथे तो उगारावा, अशी मागणी घेऊन किती निवेदने निघाली? किती ग्राहक मंचांनी आवाज उठविला? परक्याशी भांडण्यात राष्ट्राभिमानाचा आनंद मिळतो, घरच्या भेसळवाल्याशी भांडण्यात मात्र शेजारधर्म आडवा येतो!

या कथेचा उत्तरार्धही लाजिरवाणा आहे. प्राडासाठी नव्हे, आपल्यासाठी. जुलै २०२५मध्ये प्राडाची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांच्या घरी गेली. डिसेंबर २०२५मध्ये दोन्ही महामंडळांशी झालेल्या कराराची घोषणा झाली. या प्रदेशांतील कारागिरांकडून २ हजार जोड घडवून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोंना, म्हणजे पाऊण लाख रुपयांहून अधिक किमतीला विकायचे, असे ठरले. त्यातले कारागिराच्या पदरात किती पडेल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परंतु ज्याने नाव टाळले, तोच चूक पदरात पडल्यावर महिन्याभरात कारागिराच्या दारी पोहोचला. आणि ज्यांच्या आजोबांच्या पायांत ही चप्पल होती, ती मंडळी अजून आंतरजालावर निषेधच नोंदवीत होती.

या अनास्थेचे मूळ केवळ पैशात नाही. चामड्याच्या वस्तूचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने चामडे कमावणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कडेला ठेवले. कातडे कमावणारा ढोर-कक्कय्या आणि चप्पल घडविणारा चर्मकार यांच्या हातची वस्तू दिवाणखान्यापर्यंत आली, माणूस मात्र अंगणापाशीच थांबविला गेला. संत रोहिदासांची पदे भजनात गायची आणि त्यांच्याच व्यवसायबंधूला ‘दोनशेला दे, नाहीतर चाललो’ म्हणायचे, ही कसली समरसता? करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी या व्यवसायाला आश्रय दिला, तो केवळ चपलेच्या कौतुकापोटी नव्हे. घडविणाऱ्याला प्रतिष्ठा मिळाल्यावाचून घडविलेल्या वस्तूला मिळालेली प्रतिष्ठा खोटी असते, हे त्या राजाला कळले होते. आज कारागिराचा मुलगा पिढीजात कामावरून उठून कुठल्याशा गोदामात वस्तू बांधण्याच्या नोकरीला जातो, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? गोदामात निदान त्याला कोणी जात विचारत नाही आणि महिन्याचा पगार ठरलेला असतो.

‘सेमी’ अभिमान

पैठणीची कथा वेगळी नाही. येवला-पैठणच्या हातमागावर पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली चालते. धागा धाग्यात गुंतवून नक्षी उभी केली जाते, म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच स्वच्छ दिसतो. भरजरी पदराच्या साडीला काही महिने लागतात. यंत्रमागावरच्या साडीचा पदर उलटून पाहिला की मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. एवढी सोपी परीक्षा आहे. पण ती करण्याची इच्छा नाही. बाजाराने त्यावर ‘सेमी पैठणी’ असा एक शब्द शोधून काढला आहे. भाषेच्या दृष्टीनेही तो मौजेचा आहे. सेमी सोने, सेमी तूप असे म्हणण्याचे धाडस अजून कोणा दुकानदाराला झालेले नाही.

सगळ्यांना अस्सल परवडत नाही, हे उत्तर तयार असते. ते खोटे नाही. महिन्याच्या पगारात घर चालविणाऱ्या कुटुंबाने दरवर्षी पैठणी घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही, आणि यंत्रमागावर विणणाराही कष्टकरीच आहे. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणून घ्यावी, सुखाने नेसावी. आक्षेप आहे तो हातमागाचे नाव लावून ती विकण्याला आणि तिला पैठणी समजून मिरविण्याला. शिवाय परवडण्याचे हे गणित फक्त कारागिरापुढेच का आठवते? हजारो रुपयांचा भ्रमणध्वनी दोन वर्षांत बदलताना, लग्नात एका रात्रीच्या सजावटीवर लाखाचा चुराडा करताना ते आठवत नाही. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने मोजणारा हात जत्रेतल्या कुंभारापुढे मात्र दहा रुपयांसाठी अडून बसतो. २०१९-२०च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक विणकर आणि साहाय्यक कामगार नोंदले गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. आणि सुमारे दोनतृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५ हजार रुपयांपेक्षा कमी होते. त्या दहा रुपयांचे मोल त्या घरात काय असेल?

स्वदेशीचा वारसा सांगणाऱ्यांनी तर याचा अधिकच विचार करायला हवा. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्यात स्वदेशीची हाक दिली गेली. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ २०१५पासून राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो. महाराष्ट्रात त्याच्याही तीन दशके आधी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७च्या दिल्ली दरबारात जाडेभरडे हातसुताचे कपडे घालून ते उभे राहिले. त्या वस्त्रामागे सूत कातणारा हात होता. आजची स्वदेशी चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्कार घालण्यापाशी थांबते. काय घेऊ नये, याची यादी पाठ. काय घ्यावे आणि कोणाकडून, याचा पत्ता नाही. आनंद कुमारस्वामी यांनी १९१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्ट अँड स्वदेशी’ या ग्रंथात नेमका हाच दोष दाखविला होता. विलायती वस्तूंच्या स्वस्त नकला देशात तयार करणे म्हणजे स्वदेशी नव्हे, रुची गमावलेल्या समाजाला आपला कारागीर दिसतच नाही, असा त्यांचा रोख होता. ग्रंथाला शतक उलटून गेले आहे.

कारागीर दिसणे म्हणजे काय, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. भास्कर कुलकर्णी हा मराठी चित्रकार. बिहारात १९६६-६७च्या दुष्काळात पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठविले. भिंतींवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला आणि मधुबनी चित्रकला देशापुढे आली. पुढे सत्तरच्या दशकात ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात डहाणूकडच्या वारली पाड्यांवर जाऊन राहिले. जिव्या सोमा म्हसे यांच्या हातातले सामर्थ्य त्यांनी ओळखले, त्यांची चित्रे बाहेर नेली आणि नावासकट नेली. म्हसे यांना १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११मध्ये पद्मश्री. २०१८मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचे नाव जगाला ठाऊक होते. कुलकर्णींनी कसले आंदोलन केले नाही. पाड्यावर जायचे, माणूस पाहायचा, त्याच्या हातची वस्तू चार जाणत्यांना दाखवायची, एवढेच केले. आज वारलीची तीच नाचणारी माणसे चहाच्या कपांवर, पडद्यांवर, मुंबईच्या भिंतींवर छापलेली दिसतात आणि त्यांखाली कोणाचेही नाव नसते. प्राडाचा गुन्हा याहून फार मोठा होता काय?

सामाजिक कार्यक्रमांचेच पाहा. गावोगावी व्याख्यानमाला होतात, वर्धापनदिन होतात, गुणवंतांचे सत्कार होतात. व्यासपीठावरून स्वदेशीचा उच्चार होतो आणि पाहुण्याच्या हाती ठेवले जाते ते घाऊक बाजारातून आणलेले ॲक्रिलिकचे स्मृतिचिन्ह, अंगावर पडते ती कृत्रिम धाग्याची चकचकीत शाल, जी पाहुणा पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या अंगावर घालतो. त्याच जिल्ह्यात दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी विणणारे सणगर मागावर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी रंगवली जातात. तिथल्या दशावतारी गंजिफाचा १२० पानांचा संच म्हणजे हातात मावणारे पुराण आहे. पिंगुळीच्या चित्रकथीसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्यातल्या कारागिरांची यादी आज किती कार्यकर्त्यांच्या वहीत आहे? मतदारयाद्या घरोघर फिरून तपासणाऱ्यांना हे काम अवघड नाही.

चर्मोद्योग महामंडळाने २०२५मध्ये अस्सल कोल्हापुरी जोडावर क्यूआर कोड लावण्याची योजना पुढे आणली. तो भ्रमणध्वनीने टिपला की चप्पल कोणी आणि कुठे घडविली, हे कळावे, असा हेतू आहे. योजना चांगली आहे, पण तो कोड दाखवा, असे दुकानात म्हणणारे गिऱ्हाईक त्यासाठी लागेल. पुढच्या वेळी चप्पल घेताना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारून पाहाव्यात. ही कोणाच्या हातची, आणि त्याला हिचे किती मिळाले? पहिल्या दहा दुकानांत उत्तर मिळणार नाही, कारण हा प्रश्न तिथे आजवर कोणी विचारलेलाच नाही.