बुलेट भारी की जावा?

तुलनात्मक निबंधात मुलं शेवटी 'दोन्ही चांगल्या' लिहून मोकळी होतात. मला हे पटत नाही. तुलना एकेका मुद्द्यावर व्हायला हवी.

इंग्लंडची बुलेट 350 आणि चेकोस्लोव्हाकियाची जावा 250 घ्या. पुढे बुलेट मद्रासला, जावा म्हैसूरला बनू लागली. बुलेटचं इंजिन फोर-स्ट्रोक. त्यात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोल पेटतं, म्हणून तो संथ धडधड आवाज. जावा टू-स्ट्रोक, दर फेरीला पेटतं. इंजिन सुटसुटीत, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं आणि धूरही जास्त. शिवाय जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर!

आता मुलांना निकाल द्यायला काहीतरी आधार मिळाला. पालकांनीही घरी 'कोणती आवडली?' एवढ्यावर थांबू नये. 'का?' हे विचारावंच.