शिकाऊ उमेदवारी : शिकविणाऱ्याचीही परीक्षा

'उमेदवार' हा शब्द उच्चारला की आज प्रथम निवडणूक आठवते. परंतु या शब्दाच्या पोटात 'उमेद' हा फारसी शब्द दडलेला आहे. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. पूर्वी सरकारी कचेरीत जागा रिकामी होण्याची वाट पाहत, कारकुनाच्या हाताखाली विनावेतन कागद उतरविणाऱ्या आणि दप्तर लावणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. तो काम शिकत असे, पण त्या शिकण्यावर त्याचा हक्क नसे. शिकविणे ही वरिष्ठांची मर्जी आणि नोकरी हा नशिबाचा भाग. शिकाऊ उमेदवारीचा आजचा प्रश्न समजून घेताना हा जुना अर्थ विसरून चालणार नाही. कारण कायदा बदलला तरी ती जुनी वृत्ती अनेक ठिकाणी अजून शिल्लक आहे.

स्वतंत्र भारतात या व्यवस्थेला हक्काचे स्वरूप दिले ते १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार, त्याची नोंदणी, ठरलेला कालावधी आणि दरमहा विद्यावेतन ही या कायद्याची चौकट. प्रशिक्षणाच्या काळात इजा झाल्यास भरपाईची जबाबदारीही त्याने मालकावर टाकली. प्रारंभी हा कायदा प्रामुख्याने कारागिरीच्या व्यवसायांसाठी होता. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आणि १९८६ मध्ये व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही दार उघडले आणि मालकांना असलेली तुरुंगवासाची भीती दूर करून शिक्षा दंडापुरती ठेवली. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक माणसे काम करीत असलेल्या आस्थापनांनी एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक ठरले. म्हणजे चाळीस माणसांच्या कारखान्यात किमान एक तरी उमेदवार असावयास हवा.

या व्यवस्थेची गरज कोणत्याही घरात डोकावले तरी कळते. मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन बाहेर पडते आणि पहिल्याच मुलाखतीत अनुभव विचारला जातो. अनुभवावाचून काम नाही आणि कामावाचून अनुभव नाही, या कोंडीत उमेदीची दोन-तीन वर्षे निघून जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत लेथ चालविणे शिकता येते. परंतु ठरल्या वेळेत, ठरल्या मापात, माल नापास न होता शंभर नग कसे काढायचे, हे कारखान्यातच कळते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जमाखर्चाचे नियम पाठ असतात. पण समोर उभ्या असलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाची अडचण कशी ऐकून घ्यावी, हे पुस्तकात नसते.

उमेदवारी हा अभ्यासात मागे पडलेल्यांचा मार्ग आहे, असा समज मध्यमवर्गीय घरांत खोलवर रुजला आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. बिहारमधील जमालपूर येथे १९२७ मध्ये रेल्वेने निवडक तरुणांसाठी खास शिकाऊ उमेदवारी सुरू केली. शालेय शिक्षण संपवून आलेली ही मुले कर्मशाळेत हात काळे करीत यांत्रिक अभियांत्रिकी शिकली आणि पुढे रेल्वेच्या सर्वोच्च पदांपर्यंत पोहोचली. ती योजना आता बंद झाली असली, तरी तिने घालून दिलेला धडा कायम आहे. जमशेदपूरला पोलाद कारखान्याने १९२१ मध्येच तंत्रशिक्षण संस्था काढली. आपल्याला लागणारा कुशल माणूस तयार मिळणार नाही, तो घडवावा लागेल, हे त्या काळच्या उद्योगाने ओळखले होते.

असे असूनही या मार्गाविषयी तरुणांच्या मनात शंका आहेत आणि त्या निराधार नाहीत. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. ही तरतूद त्याने शिकावे म्हणून आहे. परंतु काही ठिकाणी तिचा अर्थ 'स्वस्तातला हात' असा घेतला जातो. वर्षभर एकाच यंत्रावर उभे केलेला किंवा झेरॉक्स काढण्यापलीकडे काहीच न दिलेला उमेदवार प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो, पण त्याच्या हाती कसब नसते. ही त्या तरुणाच्या आयुष्यातील एका वर्षाची चोरी होय.

दुसरा प्रश्न पोटाचा. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान पातळी पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविली. आईवडिलांच्या घरी राहून शिकणाऱ्याला ती रक्कम हातभार लावते. पण गडचिरोलीहून पुण्याला किंवा पलामूहून जमशेदपूरला आलेल्या मुलाची ती खोलीभाडे आणि खाणावळीतच संपते. ज्यांना या संधीची सर्वाधिक गरज, त्यांनाच ती परवडत नाही. वसतिगृह, सवलतीचा प्रवास आणि कारखान्यात एक वेळचे जेवण या गोष्टी उपकार न मानता प्रशिक्षणाचा खर्च म्हणून धरल्या पाहिजेत.

तिसरी शंका नोकरीची. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कायद्याने सर्वसाधारणपणे मालकावर घातलेले नाही. हे उमेदवाराला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणे हा प्रामाणिकपणा ठरेल. मात्र इतर बाबी समान असतील तर थेट भरतीने येणाऱ्यापेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक मालकाने अशा उमेदवारांच्या भरतीविषयी स्वतःचे धोरण ठरविणे अपेक्षित आहे. ते धोरण कागदावर असते. ते उमेदवारालाही वाचावयास मिळावे.

या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एक माणूस उभा आहे, तो म्हणजे शिकविणारा. जर्मनीतील उमेदवारीचे नेहमी कौतुक होते. तेथे १९६९ च्या कायद्याखाली तरुण आठवड्यातील काही दिवस कारखान्यात आणि उरलेले व्यवसाय शाळेत घालवितो, ही माहिती अनेकांना असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, शिकविणाऱ्यानेही आपली पात्रता सिद्ध करावी लागते आणि त्यासाठी स्वतंत्र परीक्षा आहे. उत्तम कारागीर हा आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, हे तेथे गृहीत धरले आहे. आपल्याकडे बहुधा ज्याच्या हाताखाली उमेदवार दिला जातो, त्या मेस्त्रीचे रोजचे काम तेवढेच राहते. शिकविण्यात गेलेला वेळ कोठेच मोजला जात नाही. मग तो उमेदवाराला टाळतो किंवा आपल्याच कामाला जुंपतो. दोष त्या मेस्त्रीचा नाही. शिकविण्याला कामाचा दर्जा आणि त्याचा मोबदला मिळाला, तर चित्र बदलेल.

हे बँकांनाही तितकेच लागू आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँका अलीकडे पदवीधरांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेत आहेत. भारतीय स्टेट बँकेने २०२३ मध्ये अशा ६,१६० जागांची जाहिरात दिली होती आणि स्थानिक भाषेच्या ज्ञानाची अट घातली होती. शाखेत येणारा असा तरुण वर्षभर केवळ पासबुके छापत बसला, तर बँकिंगविषयी त्याला काय कळणार? ग्राहकाची ओळख कशी पडताळावी, कर्जाच्या प्रस्तावात काय पाहावे, थकबाकीदाराशी कोणत्या शब्दांत बोलावे, हे त्याने अनुभवी अधिकाऱ्याच्या शेजारी बसून शिकावे. गोपनीयतेमुळे सर्व कामे त्याच्या हाती देता येणार नाहीत. पण ती का देता येत नाहीत, हे समजावून सांगणे हाही एक धडाच आहे.

बँकेचे अनेक ग्राहक लघुउद्योजक आहेत. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याची सक्ती नाही, पण त्यांना मुभा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा एक चतुर्थांश भाग, दरमहा कमाल १,५०० रुपये, केंद्र शासन उचलते. २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली. "शिकवला आणि तो दुसरीकडे गेला तर?" ही उद्योजकाची धास्ती खोटी नाही. काही जण जातीलच. परंतु आजचे कित्येक उद्योजक स्वतः दुसऱ्याच्या कारखान्यात काम शिकून उभे राहिले आहेत. त्या जुन्या मालकाचे ऋण फेडण्याची हीच रीत आहे.

पालकांनी आणि तरुणांनीही करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. कराराची शासनाच्या संकेतस्थळावर नोंद होणार आहे काय? वर्षभरात कोणकोणती कामे शिकविली जाणार? शिकविणार कोण? शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे काय? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर विद्यावेतन थोडे कमी असले तरी ती जागा स्वीकारावी. उत्तरे टाळली गेली, तर अधिक रकमेच्या मोहात पडू नये.

वर्षाच्या अखेरीस परीक्षेला बसतो तो उमेदवार; परंतु निकाल लागतो तो दोघांचा. देखरेखीवाचून एखादे काम पूर्ण करण्याचा विश्वास घेऊन तो बाहेर पडला, तरच त्याला शिकविणारा उत्तीर्ण झाला असे म्हणता येईल. कारखान्यांनी, दुकानांनी आणि बँकांच्या शाखांनी स्वतःला हीच कसोटी लावावी.